कृत्रिम बुद्धिमत्ता साक्षरता आणि विज्ञानाचे स्वयंअध्ययन

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने काम कशी करतात, त्यांच्या उत्तरावर कितपत विसंबायचे आणि ती कुठे बाजूला ठेवायची, याची जाण म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता साक्षरता. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि माध्यमिक शाळांना या विषयाची निकड भासू लागली. युनेस्कोने २०२४ मध्ये विद्यार्थ्यांसाठी १२ क्षमतांचा आराखडा प्रसिद्ध केला.

चॅटजीपीटीसारख्या साधनामागचे भाषिक प्रारूप (लँग्वेज मॉडेल) आधीच्या मजकुरावरून पुढे काय येण्याची शक्यता जास्त, याचा अंदाज बांधत वाक्य रचते. त्यामुळे चुकीचे उत्तरही तितक्याच ठामपणे येते. विज्ञानात मात्र पडताळा घेणे बहुधा विद्यार्थ्याच्याच हातात असते, आणि ही फार मोठी सोय आहे. लंबकाचा आवर्तकाल, म्हणजे एका आंदोलनाला लागणारा वेळ, झोक्याच्या कोनावर अवलंबून नसतो, असे उत्तर मिळाले असे समजू. १ मीटर लांबीचा लंबक ५ अंशांवरून सोडला तर १० आंदोलनांना सुमारे २० सेकंद लागतात. ६० अंशांवरून सोडला तर एक-दीड सेकंद जास्त. साध्या स्टॉपवॉचवरही हा फरक दिसतो. ते विधान लहान कोनांपुरतेच खरे, ही अट उत्तरातून गळलेली होती. हातात मोजमाप असलेला विद्यार्थी यानंतर जो प्रश्न विचारतो, तो पहिल्यापेक्षा कितीतरी नेमका असतो.

मानसशास्त्रज्ञ बॅरी झिमरमन यांनी स्वनियंत्रित अध्ययनाचे तीन टप्पे सांगितले: पूर्वविचार, प्रत्यक्ष कृती आणि आत्मपरीक्षण. आयते उत्तर यांतला पहिला टप्पाच गिळून टाकते. म्हणून आधी स्वतःचे भाकीत वहीत लिहायचे, मग साधनाला विचारायचे आणि शेवटी प्रयोग करायचा, हा क्रम महत्त्वाचा. पूर्ण उत्तराऐवजी पुढच्या पायरीची सूचना मागणेही उपयोगी पडते.

सगळी साधने सारखी नसतात, हेही या साक्षरतेत येते. प्रथिनांच्या रचनेचे भाकीत करणाऱ्या अल्फाफोल्डसाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा अर्धा वाटा मिळाला. अल्फाफोल्ड रचनेच्या प्रत्येक भागाला ० ते १०० असा विश्वासांक देते, म्हणजे त्या भागाच्या भाकिताची किती खात्री आहे हे सांगते. त्याच्या मोफत संग्रहात ९० च्या वरचा भाग गडद निळा, तर ५० च्या खालचा नारिंगी दिसतो. नारिंगी भागात साधन कमी पडले, की त्या प्रथिनाला तिथे ठरावीक आकारच नाही, हे शोधणे शालेय प्रकल्पाला पुरेल एवढे मोठे काम आहे.