एक ऑगस्ट, दोन तसबिरी

सीमाभागातल्या मराठी शाळांत १ ऑगस्टला एकाच टेबलावर दोन तसबिरी मांडतात. लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी, अण्णा भाऊ साठे यांची जयंती. मुलं दोन्ही भाषणं एका दमात पाठ करतात, त्यामुळे त्या दिवशी कोण गेलं आणि कोण जन्मलं याची गल्लत ठरलेलीच.

इथे दिवसच नाही, सालही एक आहे. १ ऑगस्ट १९२० रोजी मध्यरात्र उलटून गेल्यावर मुंबईच्या सरदारगृहात टिळकांनी प्राण सोडला. वाळवे तालुक्यातल्या वाटेगावात तुकाराम भाऊराव साठे, म्हणजे अण्णा भाऊ, जन्मले तेही त्याच दिवशी. तरी ही जोडी जमायला पुढे बरीच वर्षं जावी लागली.

टिळक बेळगावला घरचेच. एप्रिल १९१६ मध्ये इथे प्रांतिक परिषद भरली होती, तेव्हाच त्यांनी स्वराज्य मागणाऱ्या होमरूल लीगची स्थापना केली. हुदलीचे गंगाधरराव देशपांडे हे त्यांचे इथले खंदे अनुयायी. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखालचं काँग्रेस अधिवेशन बेळगावात भरलं, त्यामागेही गंगाधररावांचीच खटपट मोठी. अशा गावात टिळक पुण्यतिथी कुणाला सुचवावी लागली नाही.

अण्णा भाऊंना त्या टेबलापर्यंत यायला वेळ लागला. दीड दिवसाची शाळा, मुंबईतली गिरणी, लाल बावट्याची शाहिरी. शाळेच्या कार्यक्रमपत्रिकेत असा माणूस सहजी बसत नाही. त्यांची जयंती आधी वस्तीवस्तीत झाली, मग मंडळांत, आणि शाळेत सगळ्यात शेवटी. खरं तर सीमाभागाने त्यांना आधीच जवळ करायला हवं होतं. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही त्यांची छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली. गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीने झुरणारा कामगार तिच्यातच खंडित महाराष्ट्र पाहतो, आणि बेळगाव-कारवारचं नाव त्यात येतं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. तेव्हापासून त्या तारखेलाही दोन चेहरे आहेत: एका गल्लीत राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे, दुसरीत बेळगाव महाराष्ट्राबाहेर गेल्याच्या निषेधाची, काळ्या दिनाची फेरी.

खानापूर तालुक्यात वेगळाच योग सांगतात. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचा शिलेदार संगोळ्ळी रायण्णा याला इंग्रजांनी २६ जानेवारी १८३१ रोजी नंदगडला फाशी दिली. त्याचा जन्म १५ ऑगस्ट १७९८ चा, असं परंपरेने मानतात. त्यामुळे नंदगडच्या समाधीवर झेंडावंदन आणि रायण्णाचं स्मरण एकाच सकाळी उरकतं.

सगळ्यात घोळाची गोष्ट शिवजयंतीची, आणि तिथेही टिळक आहेतच. पूर्वी महाराजांचा जन्म शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीयेचा धरत. पुढे भोर भागातल्या कारीच्या जेधे घराण्याकडची शकावली, म्हणजे सालवार नोंदींची जंत्री, टिळकांच्या हाती आली, त्यांनी ती प्रसिद्ध केली, आणि तिच्यात निघाली शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. बरीच वर्षं वाद चालला. अखेर महाराष्ट्र सरकारने ही तारीख मान्य केली.

बेळगावने मात्र वैशाख सोडला नाही. पुराव्याचं पारडं जेधे शकावलीकडे झुकतं, हे इथल्या जाणत्यांनाही ठाऊक आहे. पण पिढ्यांची मिरवणूक शकावलीने हलत नाही. तिथीला पूजन होतं, आणि मग सवडीने एका संध्याकाळी नरगुंदकर भावे चौकातून चित्ररथ निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर थर्माकोलचा प्रतापगड, जनरेटरचा धूर, मिशा चिकटवलेले मावळे. शेवटचा रथ परत येईतो उजाडलेलं असतं.

द्वितीयेला लागूनच वैशाख शुद्ध तृतीया येते आणि तृतीया ही बसवेश्वरांची जयंती. अक्षय्य तृतीयाही तीच, परशुराम जयंतीही तीच. म्हणजे जुन्या तिथीला चिकटून राहिल्यामुळे बेळगावच्या मराठी मंडळांची शिवजयंती आणि लिंगायत समाजाची बसव जयंती दरसाल पाठोपाठ येतात. भगव्या पताका उतरायच्या आत त्याच रस्त्यांवर बसवण्णांची मिरवणूक निघते. मांडववाले, फुलवाले आणि पोलीस बंदोबस्त, तिघांचाही हा आठवडा जोडूनच जातो.

हल्ली १९ फेब्रुवारीलाही पुतळ्याला हार चढतो, भाषणं होतात. वर्गणी मात्र वैशाखाचीच निघते.