चीज भरलेले बटाट्याचे पॅटिस : नावाचा गुंता आणि त्यामागची पार्श्वभूमी

उकडलेल्या बटाट्याच्या पारीत चीजचा तुकडा भरून तळलेल्या चपट्या गोळ्याला मराठवाड्यात कुणी पॅटिस म्हणते, कुणी कटलेट म्हणते आणि अलीकडे बरेच जण टिक्की म्हणतात. ही तिन्ही नावे एकाच पदार्थाची समजली जात असली तरी मुळात ती तीन निराळ्या कृतींची आहेत. चीज फुटून कढईत सांडल्याची जी तक्रार घरोघरी ऐकू येते, तिचे मूळ पुष्कळदा या सरमिसळीत सापडते.

दक्षिण अमेरिकेतून युरोपात गेलेला बटाटा पोर्तुगीजांमार्फत आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरला. ‘बटाटा’ हा शब्द मुळात कॅरिबियन बेटांवरच्या लोकांचा असून तिकडे तो रताळ्यासाठी होता. म्हणजे हे कंद आपल्याकडे आले तेच उसन्या नावाने. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि १९५६ साली तो मुंबई राज्याला जोडला गेला. त्यामुळे इथल्या अनेक घरांत आजही बटाट्याला ‘आलू’ म्हणतात, आणि पुण्यामुंबईच्या बटाटेवड्याला नांदेड-परभणीकडे ‘आलूबोंडा’ हेच नाव सवयीचे आहे. बटाटा इथे मुख्यतः बाहेरूनच येतो. आपल्या काळ्या रानात ज्वारी, कापूस, तूर आणि पुढे सोयाबीन हीच पिके राहिली.

आता नावांकडे वळू. ‘कटलेट’चे मूळ फ्रेंच असून तिथे त्याचा अर्थ बरगडीजवळचा मांसाचा तुकडा असा होतो. इंग्रजी अमलात त्याचे खिम्याचे आणि मग भाज्यांचे रूप झाले, रेल्वेच्या डब्यांतून व खानावळींतून ते देशभर पसरले, आणि या साऱ्या प्रवासात अंड्यात बुडवून ब्रेडच्या चुऱ्यात घोळवण्याची रीत मात्र त्याने सोडली नाही. ‘टिक्की’ ही उत्तरेकडच्या ‘टिकिये’ची धाकटी बहीण. तिला आवरण नसते; ती तव्यावर थोड्या तेलात दाबून खरपूस केली जाते आणि चाटखाली तिचा चुरा झाला तरी चालतो. ‘पॅटिस’ची गोष्ट सर्वांत गुंत्याची आहे. इंग्रजीत ‘पॅटी’ म्हणजे सारण भरलेली लहान पेस्ट्री. तिचे अनेकवचन आपण एकवचन म्हणून घेतले, आणि मग एकाच शब्दाखाली बेकरीतले मैद्याच्या पापुद्र्यांचे पॅटिस, रगड्याखालचे बटाट्याचे पॅटिस आणि पुण्यात ब्रेडच्या दोन तुकड्यांत भाजी भरून बेसनात तळलेले पॅटिस असे तीन संबंध नसलेले पदार्थ नांदू लागले. पाककृतींच्या पुस्तकांत व सदरांत यांपैकी कोणते पॅटिस अभिप्रेत आहे, याचा खुलासा क्वचितच केलेला असतो.

हा वाद शब्दांपुरता असता तर सोडून देता आला असता. पण डब्यातल्या चीजमध्ये चाळीस टक्क्यांहून अधिक पाणी असते. गरम तेलात त्याची वाफ होते, चीज पातळ होते आणि पारीत जिथे भेग असेल तिथून ते बाहेर येते. टिक्कीला आवरण नसल्याने ही भेग बुजायला काहीच नसते. म्हणून चीज भरायचे असेल तर नाव काहीही ठेवावे, पण कृती कटलेटचीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. अंडे न वापरणाऱ्या घरात मैद्याची किंवा कॉर्नफ्लॉवरची पातळ पेस्ट तेच काम करते. (हे कॉर्नफ्लॉवर म्हणजे मक्याचे पांढरे सत्त्व; मक्याचे पिवळे पीठ नव्हे.)

घरच्या बायकांना हे तंत्र चीज येण्याआधीच ठाऊक होते. उपवासाच्या पॅटिसमध्ये बटाट्याच्या पारीत खोबरे किंवा शेंगदाण्याचा कूट, मिरची आणि साखर भरतात. उपवासाला गहू, रवा व ब्रेड चालत नसल्याने पारी बांधायला आरारूट किंवा शिंगाड्याचे पीठ घालावे लागते. सत्त्वाने बांधलेली, सारण झाकणारी आणि भरपूर तेलात तळलेली पारी अशी चीजच्या पॅटिसची सगळी पूर्वतयारी एकादशीच्या स्वयंपाकघरात झालेली होती. दखनी स्वयंपाकातल्या शिकमपूर कबाबाच्या पोटात घट्ट दही भरतात, तेही याच जातीचे. तरीही आपल्या वर्णनांत या पदार्थाचे श्रेय सरसकट उत्तरेला देऊन टाकतात, हे मला पटत नाही.

चीज इथे उशिरा आले. गुजरातच्या सहकारी दूध चळवळीने म्हशीच्या दुधाचे चीज बाजारात आणले, तरी मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी १९८०च्या दशकात ते टिनच्या डब्यात, एखाद्या मोठ्या दुकानात आणि तेही सांगून ठेवले तर मिळे. आमच्या परभणीच्या घरी असा डबा उघडला की चीजच्या सुपारीएवढ्या फोडी मोजून केल्या जात, आणि उरलेला तुकडा ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजच्या वरच्या कप्प्यात जाई. पुढे भारनियमनाच्या वर्षांत तो कप्पाही भरवशाचा राहिला नाही. त्यामुळे पनीर भरून पाहिले गेले. पण लिंबाने फाडलेल्या दुधाचे पनीर तापल्यावर वितळत नाही, तेव्हा आतून तार सुटण्याची जी मौज लोकांना हवी होती ती त्यातून मिळाली नाही. क्यूब, स्लाइस आणि किसलेले मोझरेला गावोगावच्या फ्रीजरमध्ये दिसू लागले ते पिझ्झाची चटक लागल्यानंतर.

बटाट्यातही बदल झाला, पण त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. कुफरी ज्योती हे वाण १९६८ साली आले, तर वेफरसाठी कोरडा गर असलेले कुफरी चिपसोना १९९८ साली. आपल्या बाजारात वर्षातले कित्येक महिने शीतगृहातला माल असतो. २ ते ४ अंशांत ठेवलेल्या बटाट्यातल्या स्टार्चची काही प्रमाणात साखर होते, म्हणून असे पॅटिस कुरकुरीत होण्याआधीच काळपट लालसर पडते. तो बटाटा आठ-पंधरा दिवस घरात टोपलीत उघडा ठेवला तर फरक पडतो. सालासकट उकडून, पूर्ण गार करून किसणीवर किसण्याची जुनी पद्धतही सकारण आहे. मिक्सरमध्ये फिरवला की स्टार्च सुटून गोळा चिकट होतो आणि त्यावर कवच धरत नाही.

एका परदेशी बर्गर साखळीने १९९६ साली देशात पहिले दुकान उघडले आणि काही काळाने पावात घातलेल्या बटाट्याच्या चकतीला ‘आलू टिक्की’ असे नाव दिले. ती चकती आवरण लावून भरपूर तेलात तळलेली, म्हणजे कृतीने कटलेट होती. देशभरच्या मुलांच्या तोंडी टिक्की हा शब्द बसला तो इथून, आणि तव्यावरची मूळ टिक्की त्याखाली झाकली गेली. त्याच साखळ्यांमुळे ‘पॅटी’ हे एकवचनही परत आले. लातूर-नांदेडच्या दुकानांत गोठवलेल्या पाकिटांवर आता ‘चीज पॅटी’ असे छापलेले असते, आणि त्याच दुकानाच्या काचेच्या कपाटात मैद्याचे पॅटिस वेगळ्या दराने विकायला ठेवलेले असते.