माशाच्या कुशीवरचा कान

“आज अमावस्या हाय, मासा तोंड उघडत न्हाई,” सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमावर शेजारी गळ टाकून बसलेल्या मामांनी जाहीर केलं. डिसेंबरातला रविवार. दीड तास मी चकाकता नकली मासा लांब फेकत होतो आणि रीळ गरागरा फिरवत होतो. तंगुसाला, म्हणजे गळाच्या दोरीला, एक हिसका नाही.

पण कृष्णेला इथून समुद्र गाठायला हजाराहून जास्त किलोमीटर जायचंय, भरती-ओहोटी हरिपुरात कुठली यायला? मोबाईलवरची मासेमारीची अ‍ॅपंसुद्धा चंद्राचाच हिशेब सांगतात; मासा कधी खातो हे चंद्रावरून ठरवणारी कल्पना १९२६ साली अमेरिकेत जॉन आल्डन नाइट यांनी मांडली, तिचाच तो नवा अवतार. चंद्राला दोष देण्याआधी मी पाण्यात हात घातला. बोटं गारठली, आणि वीतभर खाली नख दिसेना.

मासा थंड रक्ताचा. पाणी दहा अंशांनी उतरलं की त्याच्या शरीरातला कारभार साधारण निम्म्यावर येतो, मग लांबचा पाठलाग परवडत नाही. आणि गढूळ पाण्यात माझी चकाकी बघणार कोण?

तिथे कामाला येते कूस. बाजारातून आणलेला रोहू निरखून बघा: कल्ल्यापासून शेपटीपर्यंत बारीक ठिपक्यांची रेघ असते. ही पार्श्वरेषा. ठिपके म्हणजे छिद्रं, त्यांच्याखाली एक नळी, नळीत सूक्ष्म केस असलेल्या पेशींचे गुच्छ आणि त्यांवर जेलीसारखी टोपी. पाणी हललं की टोपी कलते, केस वाकतात, मेंदूला वर्दी जाते. आपल्या कानाच्या आतही याच जातीच्या पेशी आहेत.

खरी गंमत अंतराची. पोहणारा छोटा जीव पुढचं पाणी ढकलतो आणि मागची पोकळी पाण्यानेच भरून निघते. लांबून पाहिलं तर ढकलणं आणि भरणं एकमेकांना जवळजवळ खोडून काढतात. म्हणून ही हालचाल अंतराच्या घनाच्या प्रमाणात विरते: अंतर दुप्पट झालं की आठवा हिस्सा, तिप्पट झालं की सत्ताविसावा. त्यामुळे पार्श्वरेषेचा पल्ला जेमतेम माशाच्या एक-दोन लांबींचा. दीड फुटी मरळ असेल, तर चारी बाजूंना तीन फूट, म्हणजे सहा फुटांचं वर्तुळ. सेकंदाला एक मीटर वेगाने ओढलेलं आमिष ते दोन सेकंदांत ओलांडतं. वीतभर वेगाने ओढलं तर आठ-नऊ सेकंद आत राहतं.

शिवाय नळीतल्या पेशींना एकसारखा प्रवाह जाणवत नाही, वेगातला बदल जाणवतो. नदीचं वाहणं त्या जवळपास गाळून टाकतात. म्हणजे एका लयीत ओढलेलं आमिष त्यांच्या लेखी फिकं; झटका द्या, थांबा, पुन्हा झटका द्या, की खबर पोचते.

मी चकाकी काढून काळपट, छोटा नकली मासा बांधला. मधल्या धारेचा नाद सोडला आणि तो काठच्या दगडांशी टाकला. तळाला बसू दिला. दोन हलके झटके, मग मनात पाच आकडे. असं वीस-एक मिनिटं चाललं, हात कंटाळला. चौथ्या आकड्याला तंगूस आपसूक बाजूला सरकली.

अर्ध्या किलोची मरळ काठावर आली, वरवरची हवा गिळत. मामांनी तिच्याकडे बघितलं, मग आभाळाकडे.

“किती वाजलं? सुटली असंल अमावस्या.”