सुपर पॉवर्सची न निघालेली डिझाईन्स: मागची गोष्ट

सुपरहिरोंच्या ज्या फिगर्स (छोट्या खेळण्यातल्या बाहुल्या) कधी दुकानात आल्याच नाहीत त्यांच्यामागे कलेक्टर मंडळी एवढी का लागतात हे समजून घ्यायचं तर केनरपासून सुरुवात करावी लागते. अमेरिकेतल्या सिनसिनाटीची ही कंपनी स्टार वॉर्सच्या खेळण्यांवर मोठी झालेली, सुपरमॅन-बॅटमॅनवाल्या डीसी कॉमिक्सचं लायसन्स मॅटेल या दुसऱ्या खेळणी कंपनीलाही हवं होतं पण मिळालं केनरला, आणि १९८४ ला सुपर पॉवर्स ही फिगर्सची मालिका (लाईन) आली, पहिल्या वर्षी १२ फिगर्स. सुपरमॅनचे पाय दाबले की हात ठोसा मारतात, फ्लॅशचे हात दाबले की पाय पळतात, म्हणजे पोटात यंत्रणा आणि शिवाय प्लास्टिक ओतायला स्टीलचा साचा, खर्च सगळा तिथेच. त्यामुळे आहे तोच साचा वापरून नवीन रंग मारायचा मोह कुठल्याही कंपनीला होणारच. अर्जेंटिनात पासिपा या कंपनीने ग्रीन लँटर्नच्या साच्यातून चक्क रिडलर काढला, जो केनरने अमेरिकेत कधी विकलाच नाही! (आपल्याकडे फनस्कूलचे जी.आय. जो आठवा, साचे अमेरिकन कंपनी हॅस्ब्रोचे आणि रंग भलतेच.)

१९८५ च्या फेरीत डार्कसाइड वगैरे व्हिलन मंडळी आली, त्यांची डिझाईन्स ती पात्रं मुळात रचणारे कॉमिक चित्रकार खुद्द जॅक कर्बी यांच्याकडून नव्याने करून घेतली आणि त्यामुळे कर्बींना रॉयल्टी मिळाली, मला हा या लाईनचा सगळ्यात चांगला भाग वाटतो. १९८६ ला सायक्लोट्रॉन, गोल्डन फॅरो असे खास खेळण्यांसाठी बनवलेले हिरो पण आले. पुढच्या फेरीची चित्रं तयार होत होती, पण विक्री उतरली आणि लाईनच बंद.

फिगर बनताना आधी चित्र, मग मेणाचं शिल्प, मग त्याची रेझिनमध्ये ओतलेली टणक प्रत म्हणजे हार्डकॉपी आणि शेवटी साच्यातून पहिले टेस्ट शॉट, जे मशीनमध्ये असेल त्या प्लास्टिकचे, म्हणून कधी धड एका रंगाचं तर हात दुसऱ्याच. काम कुठल्याही पायरीवर थांबू शकतं. १९८७ ला केनर टोंका या खेळणी कंपनीकडे गेली, १९९१ ला हॅस्ब्रोकडे, २००० ला सिनसिनाटीचं ऑफिसच बंद झालं, आणि जुन्या कर्मचाऱ्यांनी जपून ठेवलेलं बरंच सामान हळूहळू कलेक्टर्सकडे आलं. कर्बींचं नाव सगळ्यांना माहितीय, पण केनरच्या आतल्या चित्रकारांची आणि शिल्पकारांची नावं कधी पॅकिंगवर आली नाहीत, ती माणसं आता उतारवयात आहेत, या प्रोटोटाइपच्या (विक्रीआधीच्या नमुन्यांच्या) किमती लावण्याआधी त्यांना विचारून कुठलं चित्र कोणाचं हे नीट लिहून घ्या.