चपलेच्या तुकड्याचा हापसा

विज्ञान प्रदर्शनात पंप मांडायचा म्हटलं की मुलं सरळ बॅटरी आणि छोटी मोटार आणतात. बटण दाबलं की पाणी उडतं, पण का उडालं असं विचारलं की उत्तर अडतं. त्यापेक्षा हापसा करा. पंपाचं खरं मर्म झडपेत असतं, आणि इथे ती स्वतःच्या हातानेच बनवावी लागते.

फूटभर लांबीचा सव्वा इंची पीव्हीसी पाइप घ्या. खालच्या टोकाला एंड कॅप, वरच्या टोकाला टी, म्हणजे T आकाराचा जोड; पाणी टीच्या आडव्या तोंडातून पडेल. कॅपच्या तळाला मध्यभागी स्क्रू आणि त्याभोवती चार भोकं. सायकलच्या जुन्या ट्यूबची गोल चकती आतून त्या स्क्रूने फक्त मधोमध धरा, कडा मोकळ्या राहू द्या. दट्ट्यासाठी रबरी चपलेच्या तळव्यातून पाइपात घट्ट बसेल पण सरकेल अशी चकती कापा. तिलाही तशीच भोकं, वरून तशीच झडप, आणि मधून आटे पाडलेली सळई घालून दोन्ही बाजूंनी नट आवळा. कॅपची भोकं ड्रिलनेच पाडा आणि कडा घासून घ्या. कड खडबडीत राहिली की झडप नीट बसत नाही, वर आलेलं पाणी मागे गळतं. सगळा वेळ इथे गेला तरी चालेल.

दट्ट्या वर घेतला की त्याच्याखालचा दाब कमी होतो. बादलीतल्या पाण्यावर बाहेरची हवा दाब देतच असते. ती पाणी ढकलून तळाची झडप उघडते. त्याच वेळी दट्ट्यावरचं पाणी आपल्या वजनाने वरची झडप मिटवून ठेवतं आणि टीपर्यंत उचललं जातं. दट्ट्या खाली गेला की तळाची झडप मिटते, वरची उघडते. दट्ट्यापर्यंत पाणी वर चढवते ती हवा. पंप फक्त तिला वाट करून देतो.

आणि हवेची ताकद बेताची आहे. ती पाऱ्याचा सुमारे ७६ सेंटिमीटर उंचीचाच स्तंभ तोलते, हे टोरिचेली या इटालियन शास्त्रज्ञाने १६४३ च्या सुमारास दाखवलं. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, म्हणून पाण्यासाठी ही मर्यादा समुद्रसपाटीला साधारण १०.३ मीटर. महाबळेश्वरला ती नऊ मीटरच्याही आत येते, पंप कितीही भारी असो.

मग शंभर फूट खोल बोअरचं पाणी हापशाला कसं येतं? त्याचा सिलिंडर खाली पाण्यात बुडालेला असतो आणि लांब सळया दट्ट्या हलवतात. पाणी शोषायचं नसतं, उचलायचं असतं. गावोगावचा ‘इंडिया मार्क २’ असाच चालतो, आणि त्याचं मूळ आपल्याकडेच आहे: आधी जालना पंप, मग सोलापूर पंप, आणि त्यावरून १९७० च्या दशकात मार्क २. त्यापूर्वीचे बिडाचे पंप एखाद्या कुटुंबापुरते बेतलेले होते. अख्खं गाव हापसू लागलं की ते मोडत.

तुमच्या मॉडेलवर दोन्ही प्रकार दाखवता येतात. आधी कॅप पाण्यात बुडवून हापसा. मग कॅपखाली रिड्यूसर (जाड पाइपाला बारीक नळी जोडायचा जोड) बसवून दोन मीटरची जाड पारदर्शक नळी जोडा आणि वरून हापसा. या वेळी आधी पेलाभर पाणी दट्ट्यावर ओतावं लागेल. त्या पाण्याने रबराच्या कडेच्या फटी बुजतात. कोरड्या दट्ट्याच्या कडेने हवाच आत शिरत राहते आणि नळीतलं पाणी जागचं हलत नाही.