फ्रेम क्रमांकावरून जुन्या सायकलींचा कालनिर्णय

जुन्या सायकलीच्या फ्रेमवर ठोकलेला क्रमांक वाचून तिचे साल ठरवण्याची पद्धत. कारखान्याने हा क्रमांक आपल्या सोयीसाठी ठोकलेला असतो: उत्पादनाची मोजदाद राहावी, हमीची तक्रार आली तर माल ओळखता यावा, सायकल चोरीला गेली तर मालकाला ती पटवता यावी. पन्नास वर्षांनी कोणी हौशी माणूस सायकल उलटी करून तो वाचत बसेल, हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. म्हणून काही कंपन्यांचा क्रमांक महिन्यापर्यंत नेऊन पोचवतो, तर काहींच्या क्रमांकातून दशकसुद्धा नीट हाती लागत नाही.

क्रमांक बहुधा पॅडलचा एक्सल ज्या आडव्या नळीतून जातो तिच्या पोटाखाली असतो. जुन्या इंग्लिश सायकलींवर तो सीटखालच्या लगवर (नळ्या जोडणाऱ्या सांध्यावर) किंवा सीट पाइपवरही सापडतो. वर्षानुवर्षांचे वंगण आणि धूळ यांचा तिथे डांबरासारखा थर बसलेला असतो. तो रॉकेलच्या फडक्याने पुसावा, पॉलिश पेपर लावू नये. रंगासोबत उथळ ठसाही जातो. मग अक्षरांवर खडू घासून वरचा वर पुसला की खाचांत पांढरे उरते आणि बॅटरीचा उजेड तिरपा टाकला की आकडे उठून दिसतात. ३ आणि ८ यांत घोटाळा होतोच, आणि उलट्या बाजूने वाचल्यास इंग्रजी ६ चा ९ होतो.

क्रमांक खरोखर बोलतो तो शिकागोच्या श्विन कंपनीचा. १९६५ पासून तिथे क्रमांकाच्या आरंभी दोन इंग्रजी अक्षरे येऊ लागली: पहिले महिन्याचे, दुसरे वर्षाचे. ‘ए’ म्हणजे जानेवारी आणि ‘ए’ म्हणजेच १९६५. ‘आय’ हे अक्षर एकच्या आकड्यासारखे दिसते म्हणून वगळले. त्यामुळे नववा महिना ‘जे’ होतो आणि ‘जेएच’ म्हणजे सप्टेंबर १९७२. ही गाळलेली जागा विसरून बोटांवर मोजणारे हमखास एक महिना चुकतात. ठशाची जागाही उपयोगी पडते. १९५२ पासून तो मागच्या चाकाचा एक्सल अडकतो त्या डाव्या पत्तीवर असे, १९७० मध्ये तो हँडलखालच्या नळीवर आला. १९४८ पूर्वीच्या नोंदी मात्र आगीत गेल्या, त्यामुळे त्या काळातल्या श्विनचा क्रमांक मुकाच आहे.

तरीही हे साल ठसा ठोकल्याचे असते, सायकल जुळवल्याचे नव्हे. ‘एमसी’ म्हणजे डिसेंबर १९६७, पण दुकानात ती सायकल १९६८ चे मॉडेल म्हणूनच विकली गेली असणार. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात श्विनने पुढच्या, कंपनीच्या नावाच्या बिल्ल्यावरही चार आकडे ठोकायला सुरुवात केली. त्यातले पहिले तीन वर्षातला दिवस सांगतात, चौथा वर्षाचा शेवटचा आकडा. ‘०३२७’ म्हणजे १९७७ चा बत्तिसावा दिवस, १ फेब्रुवारी. फ्रेमवरची तारीख आणि ही सायकल जुळवल्याची तारीख यांत अंतर पडले तर बिचकण्याचे कारण नाही.

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीची गोष्ट अगदी उलटी. १९७० च्या दशकाच्या आरंभापर्यंत तिच्या क्रमांकांना भरवशाची किल्ली नाही. नंतरच्या पद्धतीत पहिले अक्षर कारखान्याचे आणि पुढे वर्षाचा एकच आकडा येतो. तिथे ४ म्हणजे १९७४ की १९८४, हे बाकीची सायकल पाहूनच ठरवावे लागते. सुदैवाने रॅलेच्याच घरातल्या स्टर्मी-आर्चर गिअरच्या हबवर, म्हणजे मागच्या चाकाच्या मधल्या तुंब्यावर, तारीख असते. तीन गिअरच्या ‘एडब्ल्यू’ हबवर ‘५८ ३’ दिसले तर तो मार्च १९५८ चा. प्रस्तुत लेखकाच्या मते जुन्या रॅलेच्या बाबतीत फ्रेमपेक्षा हबच आधी पाहावा. चाक बदललेले नाही ना, एवढी खात्री मात्र करून घ्यावी.

इतर सुटे भागही साक्ष देतात. १९७० च्या दशकातल्या कॅम्पॅन्योलो या इटालियन कंपनीच्या मागच्या डिरेलरवर (साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागावर) ‘पेटंट’ या शब्दापुढे वर्षाचे दोन आकडे असतात. शिमानो या जपानी कंपनीच्या भागांवर दोन अक्षरे येतात, वर्ष आणि महिना. तिथे ‘ए’ म्हणजे १९७६. रेनॉल्ड्स ५३१ या फ्रेमच्या पोलादी नळ्या १९३५ मध्ये बाजारात आल्या, तेव्हा त्यांचे अस्सल लेबल असलेली फ्रेम त्याआधीची असू शकत नाही. एखादा भाग फ्रेमच्या मागाहूनचा निघाला तर तो बदललेला असेल. सगळेच भाग मागाहूनचे निघाले तर क्रमांक पुन्हा वाचावा.

भारतात रॅले म्हणून विकायला येणारी प्रत्येक सायकल नॉटिंगहॅमची नसते. स्वातंत्र्यानंतर आसनसोलजवळ सेन-रॅलेचा कारखाना होता आणि त्या सायकलींना इंग्लंडमधले क्रमांकांचे तक्ते लावणे व्यर्थ आहे. आधी पुढचा बिल्ला वाचावा. पुण्यासारख्या शहरांत सायकलीवर कर असे आणि तो भरल्याची खूण म्हणून नगरपालिका सालाचा पत्र्याचा बिल्ला देई. असा कराचा बिल्ला अजून टिकून असेल तर सायकल त्या सालानंतरची नाही एवढे कळते, अर्थात तो मुळात त्याच सायकलीचा असेल तर.