थिसिसमधली उतरवाउतरवी आली कुठून

"सीनियरचं जर्नल घे आणि उतरवून काढ" हे मेडिकलला आलेलं पोरगं पहिल्याच वर्षी ऐकतं. रात्रभर बसून आकृत्यांसकट उतरवायचं, सकाळी सरांची सही घ्यायची, झालं सबमिशन. यात काही चुकतंय असं कोणाला वाटत नाही कारण ते सगळ्यांसमोर चालतं, आणि कॉपी म्हणजे परीक्षेतली चिठ्ठी एवढंच आपल्याला शाळेपासून माहीत. मग एमडीला गेल्यावर थिसिसही त्याच सवयीने लिहिला जातो.

पूर्वी हे पकडायला मार्गच नव्हता. धुळ्याचं सरकारी मेडिकल कॉलेज आधी पुणे विद्यापीठाखाली, 1990 मध्ये जळगावला विद्यापीठ आलं आणि 1998 मध्ये नाशिकचं आरोग्य विद्यापीठ. या सगळ्या काळात थिसिस टाईप करून बाईंड व्हायचा आणि लायब्ररीच्या कपाटात जायचा, मुंबईच्या थिसिसमधलं पान इकडे आलंय हे कोण ताडून बघणार.

शिकवणाऱ्यांचं वेगळंच. एमसीआयने, म्हणजे मेडिकल कॉलेजांचे नियम ठरवणाऱ्या तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलने, प्रमोशनसाठी रिसर्च पेपर लावले आणि सप्टेंबर 2015 मध्ये पहिल्या दोन लेखकांत नाव असलं तरच पेपर धरू असं सांगितलं. ओपीडीची रांग संपवून, लेक्चर घेऊन पेपर कधी लिहायचा हा प्रश्न खरा आहे, मी स्वतः त्यातून गेलोय. पण त्यामुळे विद्यार्थ्याने राबून केलेल्या कामावर पहिलं नाव दुसऱ्याचंच लागायला लागलं आणि हेही दुसऱ्याचं उचलणंच आहे असं आमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटत नाही, हे मला फार लागतं.

2018 मध्ये यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, नियम आला. आधी छापलेल्या मजकुराशी 10 टक्क्यांपर्यंत साम्य चालेल, 10 ते 40 असेल तर सहा महिन्यांत दुरुस्त करून द्या, 40 ते 60 ला वर्षभर थांबा, 60 च्या वर रजिस्ट्रेशन रद्द, आणि शिक्षक सापडला तर 40 च्या वर इन्क्रिमेंटही जातं. नियम चांगलाय, पण पोरांनी त्यातला आकडाच तेवढा धरला. वाक्य कोणाचं हे राहिलं बाजूला आणि "सर किती टक्के आलं" एवढंच सुरू झालं. शब्द फिरवून देणारी सॉफ्टवेअर आली, त्यातून छापील पेपरात 'ब्रेस्ट कॅन्सर'चं 'बुझम पेरिल', म्हणजे 'छातीचं संकट', झालेलं 2021 मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. उद्या कोणी डॉक्टर तो पेपर वाचून पेशंटला औषध देणार आहे हो.

या वृत्तीचा अभ्यासही झालाय. क्रोएशियात 2010 मध्ये 29 विधानांची प्रश्नावली तयार केली, तीच वापरून 2015 मध्ये पाकिस्तानात मेडिकलचे विद्यार्थी आणि शिक्षक दोघांनाही विचारलं गेलं. त्यात एक भाग आजूबाजूला काय चालतं याचा आहे, म्हणजे सगळेच करतात म्हणून मलाही मोह होतो असली विधानं. ती वाचताना मला आमच्याकडची एक मुलगी आठवली.

तिचा थिसिस सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर, पेशंट सगळे सातपुड्यातले, आणि प्रस्तावनेत लिहिलेलं की आमचं हॉस्पिटल समुद्रकिनाऱ्याच्या जिल्ह्यात आहे. मी बोट ठेवलं तर ती घाबरून अहिराणीतच बोलली, "सगळाच असंच करतस ना सर." मग हळूच सांगितलं की पहिला ड्राफ्ट तिने स्वतः लिहिला होता पण इंग्रजी कच्चं, दहावीपर्यंत मराठी मीडियम, कोणीतरी ते खोडून जुना थिसिस हातात दिला आणि असं लिही म्हणाले. आपल्या खान्देशातल्या कितीतरी पोरांचं असंच होतं, चोरायचं मनात नसतं, स्वतःच्या वाक्याची लाज वाटते.

मी तोच खोडलेला ड्राफ्ट परत मागवला. त्यात सातपुड्यातलं धडगाव होतं, पावसाळ्यात रस्ता बंद झाला की दुखणं अंगावर काढून लोक किती उशिरा येतात ते होतं. आम्ही दोघांनी दोन संध्याकाळी बसून फक्त व्याकरण नीट केलं, बाकी तिचं तसंच ठेवलं.